संस्थापकांची मिशी

१

"हे हल्ली पेपर घेऊन बसतात, पण पानच उलटत नाहीत. जरा लक्ष ठेव गं त्यांच्याकडे," बहिणीकडे राहायला निघताना सासूबाई दारातून म्हणाल्या होत्या.

"मोठी बातमी असेल एखादी," असं म्हणून सून हसली आणि आत पळाली. कारण गुंड्याने तेवढ्यात कपाटाची कडा पकडून उभं राहायला सुरुवात केली होती, आणि त्या कपाटाला अजून फोमची पट्टी लावायची राहिली होती.

गुंड्या म्हणजे तिचा दहा महिन्यांचा मुलगा. तो जन्मल्यापासून तिला जगात दोनच प्रकारच्या वस्तू दिसत होत्या: त्याच्या तोंडात मावणाऱ्या आणि त्याच्या डोक्यावर पडणाऱ्या. वर राहायचं घर, खाली छपाईचं दुकान. दोन्हीकडच्या टेबलांना फोम, ड्रॉवरना कुलपं, प्लगांना टोपणं. नवऱ्याला स्वतःचा चार्जर लावायचा तरी बायकोची परवानगी काढावी लागे. "सुनेची नजर म्हणजे पहारा," असं सासरे कौतुकाने सांगत, आणि तिलाही ते खरं वाटे.

दुकानात कप, बिल्ले, पेनं, ट्रॉफ्यांवरच्या पट्ट्या, जे म्हणाल त्यावर छापून मिळे. पण या खेपेचं काम नवं होतं. गावातल्या जुन्या पत्त्यांच्या क्लबला पोकर खेळायला स्वतःच्या चकत्या हव्या होत्या. जाड, गोल, हातात घेतल्या की वजन कळणाऱ्या. मधोमध क्लबच्या संस्थापकांचा निळ्या रंगातला चेहरा. आणि चेहरा म्हणजे मुख्यतः मिशी. दोन्ही टोकं वर वळलेली, कानांची विचारपूस करायला निघाल्यासारखी.

एकच चित्र तीन पद्धतींनी छापून तीन नमुने तयार होते. मखमली ट्रेमध्ये तीन खाचा, खाचांखाली आकडे. दुपारी क्लबचे चिटणीस येऊन त्यातला एक निवडणार होते. चिटणीस म्हणजे संस्थापकांचे सख्खे नातू, आणि आजोबांच्या मिशीच्या बाबतीत अतिशय हळवे.

त्या सकाळी तिने ट्रेवरचं फडकं उचललं आणि ओरडली.

तिसऱ्या खाचेतले संस्थापक सफाचट होते.

२

मिशीच्या जागी फिकट निळसर डाग. बाकी नाक, डोळे, कॉलर, सगळं जागच्या जागी. संस्थापक एकाएकी एखाद्या शाळेतल्या नव्या शिक्षकासारखे दिसायला लागले होते.

तिने वळून गुंड्याकडे पाहिलं. तो कुंपणाच्या आत बसून लाळेचे फुगे काढत होता, खुशीत. त्याच्या डाव्या गालावर, ओठापासून बोटभर अंतरावर, निळा डाग होता.

"खाल्ली! त्याने मिशी खाल्ली!"

नवरा वरून जिना उतरत, नव्हे कोसळत आला. तोवर तिने गुंड्याचं तोंड उघडून आत टॉर्च मारला होता. जीभ गुलाबी, हिरड्या गुलाबी, दोन दात पांढरे. पण गिळलेली शाई जिभेवर कशाला थांबेल? ओल्या फडक्याने गाल पुसला, तर गाल लाल झाला आणि डाग निळाच राहिला.

तिने डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी तिचा आवाज लगेच ओळखला. आठवड्यातून इतके फोन दुसरं कुणी करत नव्हतं.

"खेळतोय?"

"हो."

"रडतोय?"

"आता मी तोंडात टॉर्च घातला म्हणून."

"मग घाबरू नका. शाई कुठली आणि पोटात गेली की नाही, ते बघून दुपारी त्याला घेऊन या. उलटी केली किंवा मलूल वाटला तर लगेच निघा."

झालं. आता संस्थापकांची मिशी नेमकी कुठे गेली हे शोधल्याशिवाय तिला श्वाससुद्धा पुरता घेता येणार नव्हता. गुंड्याच्या पोटात की आणखी कुठे?

"तीन नंबर?" नवऱ्याने चकती पाहून कपाळाला हात लावला. "माझा तीन नंबर? अगं, हे शक्यच नाही!"

"पोटच्या पोराचं बघ आधी!"

"तेच सांगतोय ना! तीन नंबर माझ्या नव्या हीट प्रेसवरचा. त्यात रंग उष्णतेने चकतीच्या आत उतरतो. वर शाईचा थरच नसतो. दगडावर घास, मिशी हलणार नाही. मग ती पुसेल कोण आणि खाईल काय?"

"पण गेलीय ना डोळ्यांदेखत!"

त्याने चकती उलटून मागूनही पाहिली. आणि तिच्या मनात एक नवीनच किडा वळवळला. चकती खोटं बोलत होती की नवरा?

३

नीट पाहायचं म्हणून तिने सासऱ्यांचं भिंग घेतलं. हे भिंग म्हणजे दुकानाची शान. सासऱ्यांना सगळी गल्ली भिंगकाकाच म्हणे. दुकानातून कुठलीही वस्तू बाहेर पडण्याआधी त्यांच्या भिंगाखालून जायची. ते डोळा लावत, एक लांब हुंकार भरत, आणि म्हणत, "पास." त्या एका शब्दावर गिऱ्हाइकं वर्षानुवर्षं डोळे मिटून माल नेत होती.

भिंगातून तिला काहीच दिसेना. काचेवर बिस्किटाचा लगदा वाळून घट्ट बसला होता. "गुंड्या, हेही तूच!" म्हणत तिने नखाने तो खरवडला, काच पुसली आणि चकती न्याहाळू लागली. पण डाग मोठा दिसण्यापलीकडे निष्पन्न काही नाही. मग मुद्देमाल सोडून ती माणसांकडे वळली.

दुकानात तिसरं माणूस म्हणजे ताई. जुनं पॅडचं मशीन चालवायच्या. त्यात मऊ पॅड शाई उचलतं आणि वस्तूवर शिक्क्यासारखी टेकवतं. दोन नंबरची चकती त्यांच्या हातची. नवं हीट प्रेस आल्यापासून त्या नवऱ्याशी फक्त मशीनच्या मार्फत बोलत.

"ताई, सकाळी ट्रेला हात लावला होतात?"

"मी कशाला लावू? माझं काम माझ्या मशीनवर." मग कुणी न विचारता त्यांनी पुस्ती जोडली, "तीन नंबरची मिशी गेली म्हणे. अरेरे. नव्या मशीनचं असंच असतं, वहिनी. चेहरा छान, टिकाऊपणा नाही."

"ताई, हसू नका. गुंड्याच्या गालावर शाई आहे."

ताईंचं हसू तिथेच मावळलं. "अगं बाई! पण मी त्याला हातसुद्धा लावत नाही हो. माझे हात सदा स्पिरिटचे नि शाईचे. लाड करायचे तर कोपराने करते, विचारा त्याला."

हे खरं होतं. गुंड्याला कोपर म्हणजे ताई, हे पक्कं ठाऊक होतं. कोपर दिसलं की तो हसायचा.

"आणि माझं स्पिरिटचं फडकं कुणी हलवलं?" ताई पुढे म्हणाल्या. "रात्री मशीनवर ठेवून गेले होते. सकाळी बघते तर ट्रेच्या बाजूला."

मग सासरे. ते खिडकीपाशी खुर्चीत पेपर घेऊन बसले होते.

"बाबा, तुम्ही काही पाहिलंत?"

"मी? मी सकाळी लवकर खाली आलो, गुंड्याचा गालगुच्चा घेतला, आणि इथे बसलो." त्यांनी पेपर खाली ठेवला. "आण बघू ती चकती."

त्यांनी ती उजेडाकडे तिरकी धरली, अंगठा फिरवला आणि गंभीरपणे मान हलवली. "हं. मिशी गेलीय खरी. काल तिन्ही पास केल्या होत्या मी. तिन्ही सारख्याच सुरेख." मग आवाज चढला. "हा घातपात आहे! गुन्हेगार माझ्या हाती लागू दे. माझ्या दुकानात, माझ्या नजरेसमोर!"

ताईंनी मशीनकडे पाहिलं. नवऱ्याने ताईंकडे पाहिलं. गुंड्याने सगळ्यांकडे पाहिलं आणि एक ढेकर दिला.

तिने धावत जाऊन नाक त्याच्या तोंडाशी नेलं. ढेकराला स्पिरिटचा वास होता का?

४

नव्हता. दुधाचा होता. तिने दोनदा खात्री करून घेतली, तेव्हा गुंड्याने तिसऱ्यांदा द्यायला नकार दिला.

मग ती मोरीपाशी गेली. बिघडलेल्या चकत्यांच्या खोक्यातून तिन्ही पद्धतींच्या चकत्या तिने काढल्या आणि ओळीने मांडल्या. कॉलेजात तिने रसायनशास्त्र घेतलं होतं आणि आजवर त्याचा उपयोग फक्त दूध नासलंय का हे ओळखायला झाला होता.

पहिली, स्टिकरची. चित्र फोटोसारखं स्वच्छ, केसन्‌केस मोजावा असं. पण कडेला नख घातलं की टोक उचललं जाई. दुसरी, ताईंची. रेघ धारदार, शाईला चमक, आणि मिशी उठून दिसावी म्हणून तिच्यावर शाईचा दुहेरी हात. बोटाला ती मिशी चक्क लागायची. तिसरी, नवऱ्याची. कडा किंचित मऊ, चमक कमी, पण बोट फिरवलं तर चित्र आहे की नाही तेच कळू नये, इतकी सपाट.

तिने तिन्ही पाण्याने घासल्या. काही झालं नाही. साबणाने घासल्या. काही झालं नाही. मग मन घट्ट करून तिने दोन नंबरची चकती स्वतःच जिभेवर घेतली. तेवढ्यात नवरा आत डोकावला.

"तूही?"

"गप्प बस. प्रयोग चाललाय."

लाळेनेही काही झालं नाही. मिशी ऐटीत. मग तिने स्पिरिटचा बोळा फिरवला. तिसरीला ढिम्म फरक पडला नाही. पहिलीच्या कडेचा गोंद जरा सुटला. आणि दुसरीची मिशी एका फटक्यात उतरली, थेट बोळ्यावर.

तिने मघाची सफाचट चकती उचलली आणि संस्थापकांच्या कॉलरवरून नख फिरवलं. नखाला शाईचा उंचवटा लागला.

तिसऱ्या खाचेत पडलेली ही चकती तिसरी नव्हतीच. ती दुसरी होती. आणि दुसऱ्या खाचेत ऐटीत बसलेली, मिशी शाबूत असलेली चकती होती तिसरी.

म्हणजे कुणीतरी मिशी पुसली होती, आणि वर चकत्यांची अदलाबदलही केली होती.

"सगळ्यांना बोलाव," ती नवऱ्याला म्हणाली. "कुणी केलं ते आता निघेल."

५

सगळे जमले. गुंड्या तिच्या कडेवर. चिटणीस यायची वेळ होत आली होती.

"पहिली गोष्ट," ती म्हणाली, "हे गुंड्याने केलेलं नाही. ही शाई लाळेने सुटत नाही. मी स्वतः चाटून पाहिलंय."

"चाटून?" ताई किंचाळल्या.

"आईला काय काय करावं लागतं, ताई. ती फक्त स्पिरिटने सुटते, आणि स्पिरिटची बाटली वरच्या फळीवर आहे. फडकं ट्रेच्या बाजूला होतं तेही टेबलावर, याच्या हाताबाहेर. शिवाय तो चकती उचलून परत खाचेत नीट ठेवणारा नाही. त्याने आजवर एकही वस्तू जागेवर ठेवलेली नाही. बापावर गेलाय."

नवऱ्याने खाली पडलेला आपला चार्जर हळूच पायाने टेबलाखाली सरकवला.

"आता मोठी माणसं. गुंड्याच्या बापाला दोन नंबर बाद करायचा असता, तर त्याने तो पुसून तीनच्या खाचेत कशाला ठेवला असता? स्वतःच्याच मशीनची बदनामी करायला? ताईंना तीन नंबरची बदनामी करायची असती, तर त्यांनी स्वतःच्या हातची मिशी नासवली असती?"

"हात झडले तरी नाही," ताई म्हणाल्या.

"आणि खरी गोम पुढेच आहे. दोन आणि तीन शेजारी ठेवल्या तर हातभर अंतरावरून ओळखू येतात. एक चमकते, एक नाही. या दोघांना तर झोपेतसुद्धा कळेल. म्हणजे ही अदलाबदल मुद्दाम नाही, चुकून झालीय. ज्याला दोन्हींतला फरक डोळ्यांनी कळत नाही, अशा कुणाच्या तरी..."

ती थांबली.

भिंगावरचं बिस्किट. डॉक्टरांनी दात तपासून गुंड्याची बिस्किटं बंद केली होती, त्याला आठवडा होत आला. तो लगदा आजचा नव्हता. तरी काल त्याच भिंगातून तिन्ही चकत्या पास झाल्या होत्या. लांब हुंकारासकट.

"अगं, थांबलीस का?" सासरे गरजले. ते खुर्चीतून उठले आणि हात वर करून मूठ हलवू लागले. "बोल! कोण आहे तो? नाव घे त्याचं! मी त्याला सोडणार नाही!"

त्या वर केलेल्या मुठीचा अंगठा निळा होता. टोकापासून पेरापर्यंत, गर्द निळा. सकाळपासून तो तसाच सगळ्यांसमोर मिरवत होता. चोराने तो केव्हाच पुसला असता. हा अंगठा पुसला गेला नव्हता, कारण ज्याचा होता त्याला तो दिसलाच नव्हता.

तिने हळूच गुंड्याच्या गालावरच्या डागावर आपला अंगठा ठेवून पाहिला. डाग तिच्या अंगठ्यापेक्षा रुंद होता. मोठ्या माणसाच्या गालगुच्च्याचा.

दारावरची घंटा वाजली. चिटणीस आत आले.

"काय, कुणाला सोडणार नाही?" ते म्हणाले. "नाव घ्या, आम्हीही ऐकतो."

सगळे तिच्याकडे पाहत होते.

"गुंड्या," ती म्हणाली.

६

"अगं, पण आत्ताच तर तू सिद्ध केलंस की..." नवरा म्हणाला.

"चुकले. गुंड्यानेच केलं." तिने त्याच्या पायावर पाय दिला. "एका नमुन्याची जरा मिशी गेलीय, साहेब. दुसरा हुबेहूब आहे आमच्याकडे. ताई, यांना खुर्ची द्या. बाबा, जरा आत येता? याचे कपडे बदलायचेत."

गुंड्याने हा आरोप शांतपणे पत्करला. जन्मापासून त्याला सवय होती.

आतल्या खोलीत तिने दार लोटलं. सासऱ्यांचा हात हातात घेतला, बोळ्यावर स्पिरिट घेतलं आणि अंगठा पुसायला लागली. वास आल्यावर त्यांना कळलं.

"माझ्या अंगठ्याला आहे?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"हो."

"सकाळपासून?"

"हो, बाबा."

ते खाटेवर बसले. घातपाताचा सगळा जोर ओसरला होता. "चिटणीस विचारतील, कुठली कशी आहे. म्हणून पाठ करत होतो गं. हाताने. कडेला टोक लागलं की एक. मिशी लागली की दोन. काहीच नाही लागलं की तीन. मिशीवर बोटांचे ठसे उठले असतील म्हणून हाताला आलं ते फडकं तिथे फिरवलं. मग परत चाचपायला गेलो, तर मिशी कुठल्याच चकतीला लागेना. अंदाजाने ठेवल्या."

"किती दिवस झाले?"

"दिवाच लावला नाही कुणी, असं वाटतं सगळीकडे. दूध सांडलेल्या काचेतून बघावं तसं." ते जरा हसले. "तू माल आणलास की तुझा श्वास ऐकायचो. सुस्कारा टाकलास तर म्हणायचो, पुन्हा छापा. गुणगुणत आलीस तर पास. एकदाही चुकलो नाही."

तिला हसावं की रडावं कळेना. इतके दिवस गल्लीतल्या घराघरांत तिच्या गुणगुणण्यावर माल जात होता!

"सांगितलं का नाहीत?"

"भिंगकाका म्हणतात मला," ते म्हणाले. "भिंग गेलं तर नुसता काका उरतो."

तिने गुंड्याला त्यांच्या मांडीवर दिलं. त्यांनी गालगुच्चा घ्यायला हात उचलला, मध्येच थांबले.

"घ्या हो. आता स्वच्छ आहे." मग ती म्हणाली, "तीनला याला डॉक्टरांकडे न्यायचंय. गालाचं दाखवायला. तिथेच वरच्या मजल्यावर डोळ्यांचे डॉक्टर बसतात. तिघं जाऊ."

बाहेर चिटणीसांनी दुसऱ्या खाचेतली, म्हणजे खरी तीन नंबरची, चकती हातात घेऊन बराच वेळ आजोबांशी नजरानजर केली होती. "हीच," ते म्हणाले. "मिशीत जीव आहे. टिकेल ना?"

"दगडावर घासा," नवरा म्हणाला. ताईंनी मशीनला उद्देशून सांगितलं की हे मात्र खरं आहे.

"मग भिंगकाका, पास?"

सासरे दारात उभे होते, नातू कडेवर. त्यांनी खिशातून भिंग काढलं. सगळे लांब हुंकाराची वाट पाहू लागले. त्यांनी ते भिंग सुनेपुढे धरलं.

"आजपासून पास ही म्हणेल."

तिने भिंग डोळ्याला लावलं. मिशीची दोन्ही टोकं, वळणं, कडा, सगळं नीट पाहिलं. आणि मग, कुणीतरी ऐकत असेल म्हणून, हळूच गुणगुणली.

"पास," सासरे म्हणाले.

डॉक्टरांनी गुंड्याच्या गालाला तेल लावायला सांगितलं. वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी भिंगकाकांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला. चांगला पिकलेला, पण काढता येणारा. सासूबाईंना फोन केला तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "मी म्हटलं नव्हतं, पान उलटत नाहीत?"

आता दुकानात कुणी आलं की माल देताना ती एक प्रश्न विचारतेच. माणसं गोंधळतात, घाईत असतात, तरी ती सोडत नाही. तुम्हीही इथवर आलाच आहात, तर तुम्हालाही विचारते आहे: तुमच्या घरात कुणीतरी खिडकीपाशी पेपर घेऊन बसत असेल ना? बराच वेळ? मग जरा उठा, पोरं तेवढा वेळ राहतील, आणि बघून या. पान उलटलंय का?